बिनखळीचा मोजा

मुलीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात सहा नंबरच्या मागापाशी उभा होतो. मागांच्या खडखडाटात फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडणारा माणूस चिडलेलाच आहे असं समोरच्याला वाटतं. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा ते खरं असतं.

"नान्ना, एक मोजा विणून द्याल का?" ती म्हणाली. "सहा मीटर लांबीचा."

"कुणाच्या पायात घालणार आहेस?"

"पायात नाही. समुद्रात."

मी फोन ठेवून दिला. मग बाहेर लिंबाखाली येऊन, पाणी पिऊन, परत लावला.

घरी आम्ही तेलुगू बोलतो म्हणून मुलगी मला नान्ना म्हणते. दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे बारा पॉवरलूम आहेत, टॉवेल आणि चादरी निघतात. वडील हातमागावर लुगडी विणायचे. मुलीनं मागाला हात लावला नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती फिजिक्स शिकली, शिकत शिकत पुढं गेली आणि किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत लागली. तिथं ती समुद्रातले प्रवाह मोजते. ज्या गावात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, तिथल्या मुलीनं समुद्र कशाला मोजावा, हा प्रश्न जुळे सोलापूर भागातल्या आमच्या अपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांनी विचारून झालाय. बायको त्यांना सांगते, "हितं मोजायला पाणी कुठंय? म्हणून गेली की तिकडं."

दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा तिनं कागदावर काढून दाखवलं. समुद्रात एक गोळा सोडतात, पाण्याच्या घागरीएवढा. तो वाहत जाईल तिकडं जातो आणि आपण कुठं आहोत ते उपग्रहामार्फत कळवत राहतो. पण नुसता गोळा सोडला तर त्याला वारा ढकलतो, आणि मग आपण पाण्याचा प्रवाह मोजतोय की वाऱ्याची लहर, काही कळत नाही. म्हणून गोळ्याखाली लांब दोर बांधून त्याला कापडाची मोठी नळी लावतात. नळीला जागोजाग भोकं असतात. ती खालच्या पाण्यात उभी लोंबकळते, खालचं पाणी तिला धरून ठेवतं आणि वरचा गोळा मुकाट तिच्या मागं जातो. या नळीला ते लोक मोजा म्हणतात.

आजवर हा मोजा प्लास्टिकच्या धाग्याचा असायचा. यंत्राचं आयुष्य संपलं की गोळा कुठंतरी किनाऱ्याला लागतो, मोजा मात्र समुद्रात तसाच राहतो, वर्षानुवर्षं. समुद्राचा अभ्यास करायचा आणि त्यातच कचरा टाकायचा, हे मुलीला पटत नव्हतं. तिनं तिच्या वरिष्ठ मॅडमना म्हटलं, मोजा सुती करू. चार महिने टिकला पाहिजे आणि त्यानंतर आपोआप कुजून गेला पाहिजे. संस्थेतले बाकीचे हसले, कापूस महिनाभरसुद्धा टिकणार नाही म्हणाले. मॅडमनी एक संधी दिली. चार मोजे करून सोडा, चार महिने टिकले तर पुढच्या सगळ्या गोळ्यांना सुती लावू. नाही टिकले तर फाइल बंद, पुन्हा प्लास्टिक, आणि हिनं दुसऱ्या कुणाच्या तरी कामात हातभार लावायचा.

"तीन वर्षं झाली हे डोक्यात घेऊन," ती म्हणाली. "आता एकदाच मिळणार आहे."

तिनं सोबत एक नमुना आणला होता, कुठल्याशा टेलरकडनं जाड कापड शिवून घेतलेला. मी तो हातात धरला आणि शिवणीवर दोन्ही बाजूंनी ओढला. शिवण उसवली.

"हे काय शिवलंय? पोत्याला बरी असते."

"म्हणून तर तुमच्याकडं आले."

"शिवायचंच कशाला मुळात? गोलच विणतो की."

तिला ते माहीत नव्हतं. एवढी शिकलेली मुलगी, बापाच्या कारखान्यात लहानाची मोठी झाली, आणि मागावर वरचं-खालचं असं दुहेरी कापड विणून दोन्ही काठांना जोडत गेलं की बिनशिवणीची नळी निघते, हे तिला माहीत नव्हतं. आमच्याकडं एकेकाळी उशांचे अभ्रे असे निघायचे. तिनं वहीत आकृती काढली आणि मला चार प्रश्न विचारले. चारही चांगले होते. मी तसं बोललो नाही, पण बायकोला नंतर सांगितलं.

नळी मागावर चढवणं माझ्या एकट्याचं काम नव्हतं. आमच्याकडं जॉबर चाचा आहेत. जॉबर म्हणजे माग बसवणारा, बिघडला तर नीट करणारा माणूस. चाचा वडिलांच्या वेळेपासून या धंद्यात आहेत, वय विचारलं की दर वर्षी तेच सांगतात. त्यांनी सहा नंबरचा माग आठ दिवस बंद ठेवला, कुठनं कुठनं जुने भाग आणून बसवले आणि एका सकाळी म्हणाले, "आव सेठ, देखो." मागावरनं सपाट पट्टा निघत होता, पण बोट घातलं की आतनं पोकळ. मुलीला व्हिडिओ पाठवला. तिनं तो म्हणे मॅडमना दाखवला, मॅडमनी आणखी कुणाला दाखवला. चाचांच्या हातातली बिडी त्या व्हिडिओत स्पष्ट दिसत होती.

भोकांचा प्रश्न घरात सुटला. कापायची कशाच्या मापानं? बायकोनं जेवणातली ताटली दिली. ताटलीभोवती खडूनं गोल काढायचा, कापायचं आणि कडेला दाट टाके घालायचे. ते काम बायकोनं आणि शेजारच्या दोघींनी दुपारी हॉलमध्ये बसून केलं. भारताच्या समुद्रविज्ञानात आमच्या ताटलीचा वाटा आहे, हे मी आता कुणालाही सांगू शकतो, कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

आता खळीचं. विणायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ द्यावीच लागते, नाहीतर मागाच्या धक्क्यानं सूत तटातट तुटतं. विणून झाल्यावर कापड उकळून धुतलं की ती निघते. मुलीनं तीनदा सांगितलं आणि एकदा लिहून पाठवलं. खळ पूर्ण काढा, नंतर कापडाला काहीही लावू नका, मला नुसता कापूस पाहिजे.

मी काढली. दोनदा उकळून, चार पाण्यांतनं काढून मोजे दोरीवर वाळत घातले. संध्याकाळी एक हातात घेतला. एवढ्या मेहनतीनं विणलेलं कापड जुन्या धोतरासारखं लोंबत होतं. आमच्याकडं माल हातात भरला पाहिजे. व्यापारी येतो, टॉवेलचा कोपरा अंगठा आणि बोटात धरतो, चुरगाळतो, सोडतो. कापड परत उभं राहिलं तर माल चांगला. पडून राहिलं तर तो काही बोलत नाही, चहा पितो आणि शेजारच्या कारखान्यात जातो. आणि हे लोंबतं कापड जाणार होतं मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर, माझ्या मुलीच्या हातून. लोक म्हणणार, बाप सोलापूरचा विणकर म्हणे.

मी चिंचोक्याचं पीठ आणलं. वडील लुगड्यांना चिंचोक्याचीच खळ द्यायचे. ती घरात शिजायची तेव्हा एक भाजका, आंबूस वास सगळ्या खोलीत भरायचा आणि दोन-तीन दिवस जायचा नाही. आता सगळीकडं तयार पावडरी आल्यात, पण मला वडिलांसारखीच पाहिजे होती. मी स्वतः शिजवली, पातळ केली, मोजे त्यातनं काढले आणि ताणून वाळवले. चाचा बघत उभे होते.

"सेठ, बेटी नक्को बोली ना?"

"तिला काय कळतं कापडातलं? पाण्यात पडल्या पडल्या जाईल की निघून."

चाचा मागाकडं वळले. मोजे वाळल्यावर मी एक अंगठ्यात धरून चुरगाळला आणि सोडला. ताठ उभा राहिला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी ते नीट घडी करून, कागदात गुंडाळून, पार्सल केलं. मुलीला फोनवर विचारलं, मिळालं का? हो म्हणाली. कसं वाटलं? क्षणभर थांबून म्हणाली, "छान विणलंय, नान्ना." मी खूश झालो.

चारही मोजे एका बोटीतनं नेऊन समुद्रात सोडले. त्यानंतरचे पहिले दोन आठवडे आमच्या घरात सणासारखे गेले. रोज सकाळी मुलगी नकाशा पाठवायची, त्यावर चार ठिपके. काल इथं होते, आज इथं. बायको चहा गाळायच्या आधी ठिपके बघायची. एक ठिपका गिरकी घेऊन मागं आला तर ती म्हणाली, "हा तुमच्यावर गेलाय." गोळ्याच्या दोराला ताण मोजणारं यंत्र असतं, त्यावरनं मोजा खाली लागलेला आहे की सुटला तेही कळतं. चारही लागलेले होते. मी अपार्टमेंटच्या खाली उभा राहून लोकांना समजावून सांगायला लागलो. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दोनदा समुद्र पाहिलाय, तो खालचं पाणी आणि वरचं पाणी यातला फरक सांगत होता.

तिसऱ्या आठवड्यात एक ठिपका सरळ पळत सुटला. दुसऱ्या दिवशी दुसरा. आठवडा संपायच्या आत चारही वारा नेईल तिकडं निघाले होते. दोराचा ताण शून्य. त्यातला एक गोळा मच्छीमारांच्या बोटीला सापडला, त्यांनी आणून दिला. मुलीनं फोटो पाठवला. दोराच्या टोकाला मोजा अडकवायचं कडं होतं आणि कड्याला काळपट हिरव्या, बुळबुळीत चिंध्या लागल्या होत्या. चिंध्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

तिचा फोन दुपारी आला. मी मागापाशीच होतो.

"नान्ना, सूत खराब होतं का?"

इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे. सोलापुरात कापड बिघडलं की विणणारा एकच वाक्य म्हणतो, सूत खराब आलं. माग नीट बसवला नसेल, कारागीर बिडी ओढायला गेला असेल, मालकानं लक्ष दिलं नसेल, काहीही झालं असेल, दोष सुताचा. सूतवाला म्हणतो, कापूस खराब आला. कापसाला बोलता येत नाही, म्हणून गोष्ट तिथं संपते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच, फक्त आमच्याकडं ते इतक्या वर्षांचं आहे की आता त्याला कुणी खोटं समजतसुद्धा नाही. मी तीस वर्षांत एकाही व्यापाऱ्यापुढं आपली चूक कबूल केलेली नाही.

"सूतच खराब आलं होतं," मी म्हणालो. विचार केला आणि मग बोललो असं झालं नाही. तोंडातनं गेलं.

मी फोन कानाला दाबून धरला. मला वाटलं खडखडाटात ऐकू आलं नसेल.

"बरं," ती म्हणाली. "तसं लिहिते मग. बुधवारी मीटिंग आहे. सुताचाच भरवसा नाही म्हटल्यावर कापसाचं पुढं काही होणार नाही. फाइल बंद होईल."

"मग दुसरं सूत..."

"नाही नान्ना. एकदाच मिळणार होतं."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं, मीही चिडलो असतो आणि विषय मिटला असता. आमच्या घरात बहुतेक विषय असेच मिटतात.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आव, हमारा समंदर दिखाता." कारखान्याच्या मागं, बोअरच्या हौदाशेजारी, त्यांनी रंगाचा एक रिकामा निळा पिंप ठेवला होता. त्यात पाणी भरून खडे मीठ टाकलं होतं. ज्या दिवशी मोजे पार्सल केले त्याच दिवशी चाचांनी उरलेल्या कापडाचे दोन तुकडे त्यात दोरीला बांधून सोडले होते, एक धुतलेला आणि एक माझ्या खळीतनं काढलेला. कुणी सांगितलं नव्हतं. माग नीट करणाऱ्या माणसाची ती खोड असते, एक भाग बदलला की जुना टाकून देत नाही, शेजारी ठेवून बघतो.

चाचांनी दोन्ही दोऱ्या वर ओढल्या. धुतलेला तुकडा थोडा मळला होता, बाकी होता तसा. मी ओढून पाहिला, फाटला नाही. ओलं सूत कोरड्यापेक्षा बळकट असतं, हे तर मीच मुलीला सांगितलं होतं. दुसऱ्या तुकड्यावर बुळबुळीत थर चढला होता आणि बोट लावलं तर बोट आरपार गेलं. आणि वास. चिंचोक्याचाच, पण नासलेला. म्हणजे मी कापडाला ताठपणा दिला नव्हता, समुद्रातल्या बारीकसारीक सगळ्या जिवांना जेवण वाढलं होतं.

चाचा माझ्याकडं बघत नव्हते, पिंपात बघत होते. मला लाज वाटली. धंद्यात नुकसान झाल्यावर वाटतं तसलं ते काही नव्हतं. मुलीनं तीन वर्षं जे डोक्यात घेतलं होतं ते मी अंगठ्या-बोटात चुरगाळून बघायच्या हौसेपायी बुडवलं होतं, आणि वर तिच्याच तोंडावर सुताचं नाव सांगितलं होतं.

तरी मी दोन दिवस फोन केला नाही. हेही सांगायला पाहिजे. खाई त्याला खवखवे, तसा मी घरात विनाकारण बायकोवर खेकसत होतो. दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "काय केलंय ते पोरीला सांगा, मला नका ऐकवू." तिला कुणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. चाचा आणि ती दोघं मिळून माझ्यापेक्षा जास्त कारखाना चालवतात.

मंगळवारी मी मुलीला सगळं सांगितलं. खळ, चिंचोके, पिंप, दोन तुकडे.

"उद्या मीटिंगमध्ये सांगाल?" तिनं विचारलं.

"मी? त्या लोकांसमोर? तू सांग की."

"मी सांगितलं तर लोक म्हणतील काम बुडालं म्हणून बापावर ढकललं. तुम्ही सांगितलं तर ती फक्त माहिती आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार. मी हो म्हणालो.

बुधवारी अकरा वाजता मी बाराही माग बंद करायला लावले. भर दिवसा लाइट असताना माग बंद म्हणजे कुणीतरी गेलं असंच समजतात, शेजारच्या कारखान्यातनं एक जण चौकशी करून गेला. कारागीर बाहेर लिंबाखाली चहा पीत बसले. मी टेबलावर सुताच्या रिळाला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर सहा-सात चौकोन, एकात मुलगी, एकात मॅडम. मॅडमना मराठी येत होतं, बाकीच्यांसाठी मी हिंदीत बोललो, माझं हिंदी सोलापूरचं आहे.

"सूत चांगलं होतं," मी म्हणालो. "खळ मी लावली."

एवढं वाक्य निघायला तीस वर्षं लागली होती, पण निघाल्यावर पुढचं सोपं गेलं. चाचांनी तुकडे ताटलीत घालून आणले होते, भोकांच्या मापाच्या त्याच ताटलीत. त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर धरले आणि एकातनं बोट आरपार घालून दाखवलं. कुणीतरी चौकोनातनं विचारलं की मिठाचं प्रमाण किती होतं. चाचा म्हणाले, "चखके देख्या साब, बराबर खारा." तो माणूस लिहून घेत होता.

मॅडमनी मला विचारलं, "पण का लावली? नको म्हणून लेखी कळवलं होतं."

"हातात भरलं नव्हतं," मी मराठीत म्हणालो. "माझ्या मुलीच्या हातनं जाणार होतं. चांगलं दिसावं असं वाटलं."

मग मुलगी बोलली. मला वाटलं आता ती आकडे सांगणार.

"पार्सल उघडलं तेव्हाच मला खळीचा वास आला होता," ती म्हणाली. "माझ्या आजोबांच्या खोलीला तो वास यायचा. मी परत पाठवायला पाहिजे होतं, किंवा इथं धुवायला पाहिजे होतं. पाण्यात निघून जाईल म्हणून मी सोडून दिलं. त्यामुळं चूक दोघांची आहे, आणि रिपोर्टमध्ये मी तसं लिहिणार आहे."

हे बोलायची तिला काही गरज नव्हती. मी सगळं अंगावर घेऊन झालो होतो, ती त्यातनं कोरडी बाहेर पडली असती. मी पडद्याकडं बघत राहिलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, पण त्या फोनमध्ये कोण कुणाकडं बघतंय ते तसंही कळत नाही.

"म्हणजे घरात दोघांना माहीत होतं, फक्त आम्हाला नव्हतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी समोरचे कागद चाळले. मग म्हणाल्या की हे अपयश कापसाचं आहे असं आता म्हणता येणार नाही, म्हणून फाइल बंद करता येणार नाही. आणखी एक फेरी होईल. दोन मोजे धुतलेले, आणि दोन मुद्दाम त्याच खळीतनं काढलेले, म्हणजे शेजारी शेजारी फरक दिसेल. खळ तशीच पाहिजे, त्याच हातची.

मी फोन बंद केला आणि माग सुरू करायला सांगितले. चाचा म्हणाले, आता बेटीच्या मॅडमनीच खळ लावायला सांगितलीय, तोंड कशाला पाडताय.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "वास आला होता तर मला सूत खराब होतं का म्हणून कशाला विचारलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "आणि मला पण सांगायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही इतक्या हौसेनं लावली असणार."

दुसऱ्या वेळी धुतलेले दोन मोजे मी स्वतः धुतले. वाळल्यावर कोपरा जिभेवर टेकवून बघितला, खळ उरली असेल तर जिभेला कळते. कसलीच चव नव्हती. मी त्यांची घडी घातली तर घडीसुद्धा नीट बसेना. तसेच पाठवले. खळीचे दोन वेगळ्या कागदात, त्यांवर मोठ्या अक्षरात 'खळ' लिहिलं. पार्सल मिळाल्यावर मुलीचा फोन आला. लिहिलेलं वाचायची गरज पडली नाही म्हणाली, नाकालाच कळलं. धुतलेल्याला काहीच वास येत नाही, बरोबर आहे, पण उघडल्यावर जरा चुकल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, तुला वास पाहिजे तर घरी ये.

खळीचे दोन्ही मोजे तिसऱ्या आठवड्यात गेले, ठरल्यासारखे. धुतलेले राहिले. एक महिना, दोन महिने. बायको पुन्हा चहाआधी ठिपके बघायला लागली, पण या वेळी मी अपार्टमेंटखाली कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात समुद्र खवळला होता, मुलीचे मेसेज एका ओळीचे यायचे, "दोन्ही आहेत." चौथा महिना पूर्ण झाला त्या दिवशी तिनं काहीच पाठवलं नाही. संध्याकाळी फोन करून म्हणाली, मॅडमनी सही केली, पुढच्या सगळ्या गोळ्यांना सुती मोजे. बोलताना तिचा आवाज फुटला. मी चाचांच्या हातात फोन दिला.

ते दोन मोजे मात्र अजून पाण्यातच होते. पाचव्या महिन्यात एक सुटला आणि त्यानंतर काही दिवसांनी दुसरा. जन्मभर मी टिकावं म्हणून कापड विणलं. ग्राहकानं सांगितलं की तुमची चादर वीस वर्षं झाली तरी आहे, तर मला जेवण गोड लागतं. हे पहिलं कापड, जे वेळेवर कुजावं म्हणून विणलं होतं. तरी शेवटच्या ठिपक्याचा ताण शून्य झाल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, त्याला काही कारण नाही.

ते कळवायला तिचा फोन आला होता. मी सहा नंबरच्या मागापाशी उभा होतो, त्यावर पुढच्या खेपेची नळी निघत होती.

"गेला, नान्ना," ती ओरडून म्हणाली. मग विचारलं, "सूत कसं होतं?"

"सूत चांगलं होतं," मी म्हणालो.